मरोळमधील नियोजित रस्ता-सुधारणा आणि इंटरनेटवरील पूर्वमाहिती : टप्पे, साधने व मर्यादा

१. प्रस्तावना

महानगरपालिकेच्या सर्व सेवांमध्ये रस्ता ही सर्वाधिक दृश्य सेवा होय. जलवाहिनी आणि मलनिस्सारण वाहिनी जमिनीखाली असतात. कार्यालयातील कामकाज भिंतीआड चालते. रस्ता मात्र घराचा उंबरठा ओलांडताच पायाखाली येतो. असे असूनही रस्त्याच्या सुधारणेचे काम सुरू होत असल्याची वार्ता सामान्य नागरिकास पुष्कळदा खोदकामाच्या यंत्राच्या आवाजानेच कळते. तोपर्यंत रस्त्याची रुंदी, कामाचा क्रम, वाहतुकीचा पर्यायी मार्ग आणि कामाची मुदत हे सर्व निर्णय होऊन गेलेले असतात. नागरिकाच्या हाती उरते ती केवळ तक्रार.

ही माहिती आगाऊ मिळविण्याचा मार्ग इंटरनेटमुळे बराच सुकर झाला आहे. विकास आराखडा, अर्थसंकल्प, निविदा आणि कामांची प्रगती यांविषयीची कागदपत्रे आज निरनिराळ्या संकेतस्थळांवर उपलब्ध आहेत. तथापि ‘उपलब्ध असणे’ आणि ‘वेळेवर सापडणे’ यांत अंतर आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील मरोळ या परिसराच्या आधारे हे अंतर कोठे पडते, ते कसे भरून काढता येते आणि कोणत्या टप्प्यावरील माहितीचा नागरिकास कोणता उपयोग होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. मरोळ : एक परिसर, अनेक यंत्रणा

मरोळ हे साष्टी बेटावरील जुने गाव. गावठाण, चर्च आणि शेती असलेल्या या परिसराचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने पालटले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे आली. १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यातप्रधान क्षेत्र स्थापन झाले. पुढे विमानतळाच्या सान्निध्यामुळे हॉटेले व कार्यालये वाढली. ८ जून २०१४ रोजी मेट्रो १ सुरू होऊन मरोळ नाका हे तिचे स्थानक झाले आणि ७ ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो ३ च्या आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या टप्प्यावर प्रवासी वाहतूक सुरू झाल्यानंतर तेच स्थानक दोन मार्गांच्या जोडणीचे ठिकाण बनले. गावाच्या रुंदीचे रस्ते आणि महानगराची वर्दळ यांचा मेळ घालण्याचा प्रश्न येथे सतत उभा राहतो, तो या स्थित्यंतरामुळे.

या परिसरातील रस्त्यांवर काम करणारी यंत्रणा एकच नाही. बहुतांश सार्वजनिक रस्ते बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या अखत्यारीत असून मरोळचा समावेश तिच्या के/पूर्व विभागात होतो. त्यातही मोठ्या रस्त्यांची कामे मध्यवर्ती रस्ते विभाग पाहतो, तर अरुंद गल्ल्यांची डागडुजी विभाग कार्यालयातील परिरक्षण खाते करते. उत्तरेकडील जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ चे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतले. मेट्रो ३ साठी झालेले खोदकाम मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनचे होते. यांखेरीज वीज, पाइपगॅस व दूरसंचार कंपन्या आपापल्या वाहिन्यांसाठी चर खोदण्याची परवानगी घेतात. रस्त्यावर दिसणारा खड्डा सारखाच असला, तरी त्यामागील कागदपत्र कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या संकेतस्थळावर आहे, हे यंत्रणेनुसार बदलते.

पूर्वमाहितीचे महत्त्व येथे केवळ सोयीपुरते नाही. मरोळ-मरोशी मार्गावर सेव्हन हिल्स रुग्णालय आहे. औद्योगिक वसाहतीत राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. काँक्रीट ओतल्यानंतर त्यास अपेक्षित मजबुती येण्यास साधारणतः २८ दिवस लागतात. त्यामुळे काँक्रिटीकरणात रस्त्याचा एक भाग कित्येक आठवडे बंद राहणे अटळ असते. रुग्णवाहिका, शाळेच्या गाड्या, पाण्याचे टँकर, चाकाच्या खुर्चीवरून ये-जा करणारे रहिवासी आणि रोजच्या गिऱ्हाइकावर चालणारी छोटी दुकाने या सर्वांना या आठवड्यांची तजवीज आधीच करावी लागते. महिनाभर आधी समजले तर तजवीज होते; त्याच दिवशी समजले तर हाल होतात.

३. कायद्याची चौकट

रस्त्यांविषयी आगाऊ सूचना देण्याची कल्पना इंटरनेटच्या युगातील नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे, सुस्थितीत राखणे आणि सुधारणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. याच अधिनियमाच्या कलम २९७ मध्ये ‘रस्त्याची नियमित रेषा’ ठरविण्याची तरतूद आहे. नियमित रेषा म्हणजे रस्त्याची कडा भविष्यात कोठे येणार हे दाखविणारी कागदावरील रेषा. नवी रेषा ठरविण्याच्या प्रस्तावावर महानगरपालिकेच्या सभेत निर्णय होण्यापूर्वी किमान एक महिना आधी जाहीर सूचना प्रसिद्ध करावी लागते. शिवाय ज्या रस्त्यासंबंधी प्रस्ताव आहे त्या रस्त्यावरच विशेष सूचना लावावी लागते आणि लेखी आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. सूचना ही ज्याच्यावर परिणाम होणार त्याच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी असावी, हे तत्त्व या तरतुदीत स्पष्ट दिसते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने या तत्त्वाला व्यापक रूप दिले. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागताही ठरावीक माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. तीत प्रत्येक अभिकरणास दिलेला अर्थसंकल्प, सर्व योजनांचा तपशील, प्रस्तावित खर्च आणि वितरित रकमांचे अहवाल यांचा समावेश होतो. जनतेवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यांसंबंधीची सर्व संबद्ध वस्तुस्थिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारीही याच कलमात आहे. नागरिकास अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी म्हणून इंटरनेटसह विविध माध्यमांतून स्वतःहून माहिती पुरविण्याचा सतत प्रयत्न करावा, असे हे कलम सांगते. म्हणजेच संकेतस्थळावर रस्त्यांच्या कामांची माहिती ठेवणे ही प्रशासनाने केलेली मेहेरबानी नसून कायद्याची अपेक्षा आहे.

न्यायालयीन निर्णयांनीही या अपेक्षेला बळ दिले. मुंबईतील खड्ड्यांची स्वतःहून दखल घेऊन २०१३ मध्ये दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्णय देताना, सुस्थितीतील रस्ते हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मानले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मात्र हे निर्णय प्रामुख्याने रस्ता बिघडल्यानंतरच्या उत्तरदायित्वाशी निगडित आहेत. रस्त्याचे काम ठरत असतानाचे नागरिकाचे स्थान काय, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

४. कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावरील माहिती

रस्त्याच्या सुधारणेचे काम एका दिवसात ठरत नाही. ते अनेक टप्प्यांतून जाते आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची नोंद वेगळ्या ठिकाणी होते. शोध कोठे घ्यावयाचा हे ठरविण्यासाठी काम कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज असणे आवश्यक ठरते.

(अ) विकास आराखडा : रस्ता नव्याने काढावयाचा किंवा रुंद करावयाचा असेल, तर त्याची पहिली खूण विकास आराखड्यात सापडते. मुंबईचा विद्यमान आराखडा २०३४ पर्यंतचा असून राज्य शासनाने तो मे २०१८ मध्ये मंजूर केला. महानगरपालिकेच्या विकास आराखड्याच्या संकेतस्थळावर मौजे व नगर भूमापन क्रमांक देऊन एखाद्या जमिनीवर कोणते आरक्षण आहे, तेथून कोणता प्रस्तावित रस्ता जातो आणि त्याची रुंदी किती आहे, हे पाहता येते. घर खरेदी करणाऱ्याने किंवा इमारतीचा पुनर्विकास करू इच्छिणाऱ्या सोसायटीने हा शोध सर्वप्रथम घ्यावा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. या टप्प्याचे सामर्थ्य २०१५ मध्ये दिसून आले. त्या वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूपातील रस्ते व आरक्षणे यांविषयी हजारो हरकती आल्या, एप्रिलमध्ये शासनाने तो रद्द केला आणि सुधारित प्रारूप २०१६ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करावे लागले.

(आ) अर्थसंकल्प : आराखड्यातील रेषा वर्षानुवर्षे कागदावर राहू शकते. ती प्रत्यक्षात येण्याची शक्यता निर्माण होते ती आर्थिक तरतूद झाल्यावर. महानगरपालिकेचे अर्थसंकल्पीय अंदाज प्रतिवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी सादर होतात आणि त्यांची पुस्तके संकेतस्थळावर ठेवली जातात. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात मरोळमधील एखादी गल्ली नावाने सापडेलच असे नाही. मोठे पूल, जोडरस्ते व प्रमुख प्रकल्प यांच्या तरतुदी मात्र स्वतंत्रपणे दिसतात. अर्थसंकल्प वाचताना मागील वर्षाची तरतूद आणि त्या वर्षाचा सुधारित अंदाज यांची तुलना करणे उपयुक्त ठरते. तरतूद दरवर्षी होत असेल आणि सुधारित अंदाजात ती दरवर्षी घटत असेल, तर काम रेंगाळले आहे असा निष्कर्ष काढता येतो.

(इ) निविदा : काम होणार हे जवळजवळ निश्चित झाल्याची खूण म्हणजे निविदा. महानगरपालिकेच्या संकेतस्थळावरील निविदा विभाग आणि राज्य शासनाचे ‘महाटेंडर्स’ हे ई-निविदा संकेतस्थळ या दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा. येथे एक अडचण हमखास येते. मोठ्या कामांच्या निविदेच्या शीर्षकात स्थानिक रस्त्याचे नाव नसते. ‘पश्चिम उपनगरे, परिमंडळ ३’ अशा स्वरूपाचा उल्लेख असतो आणि रस्त्यांची यादी जोडपत्रात असते. के/पूर्व विभाग परिमंडळ ३ मध्ये येतो हे ज्यास ठाऊक नाही, त्याने ‘मरोळ’ हा शब्द कितीही वेळा शोधला तरी ती निविदा त्यास सापडणार नाही. निविदा-दस्तऐवजात कामाची व्याप्ती, मुदत, पदपथ व पर्जन्य जलवाहिन्यांचा समावेश आहे की नाही, तसेच दोषदायित्वाचा कालावधी हे सर्व नमूद असते. रस्ता उंच होऊन पावसाचे पाणी आवारात शिरेल का, या मरोळसारख्या मिठी नदीलगतच्या परिसरातील कळीच्या प्रश्नाचे उत्तर याच दस्तऐवजात शोधावे लागते.

(ई) कार्यादेश व प्रत्यक्ष काम : कंत्राटदारास कार्यादेश मिळाल्यानंतर काम कधी सुरू होणार हा प्रश्न येतो. मुंबईत रस्त्यांच्या कामांचा हंगाम साधारणतः १ ऑक्टोबर ते ३१ मे असा मानला जातो. पावसाळ्यात नवे खोदकाम टाळले जाते. म्हणून सप्टेंबर महिना हा चौकशीसाठी सर्वांत योग्य काळ होय. १९ जानेवारी २०२३ रोजी भूमिपूजन झालेल्या, सुमारे ६ हजार ७९ कोटी रुपयांच्या काँक्रिटीकरण प्रकल्पानंतर शहरभर एकाच वेळी खोदकामे सुरू झाली आणि माहितीची मागणी वाढली. २०२५ मध्ये महानगरपालिकेने या प्रकल्पासाठी नागरिकांना पाहता येईल असा डॅशबोर्ड खुला केला. विभाग निवडून रस्त्याचे नाव, लांबी, कामाची स्थिती आणि आरंभाच्या व अपेक्षित पूर्णत्वाच्या तारखा त्यावर पाहता येतात. काँक्रिटीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी गुणवत्तेची त्रयस्थ तपासणी पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आली.

(उ) वाहतूक व वृक्ष : रस्ता बंद ठेवण्यासाठी वाहतूक पोलिसांची परवानगी लागते आणि वाहतुकीतील बदलांच्या अधिसूचना मुंबई वाहतूक पोलीस इंटरनेटवर प्रसिद्ध करतात. रुंदीकरणासाठी झाडे तोडावी किंवा अन्यत्र हलवावी लागत असल्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार जाहीर सूचना देऊन हरकती मागविल्या जातात. नियोजित कामाचा सुगावा अनेकदा या दोन दुय्यम सूचनांतून मुख्य माहितीपेक्षा आधी लागतो.

(ऊ) दोषदायित्व : काम पूर्ण झाले म्हणजे माहितीची गरज संपली असे नव्हे. काँक्रीटच्या रस्त्यांसाठी या प्रकल्पात १० वर्षांचा दोषदायित्व कालावधी ठेवण्यात आला आहे. या काळात तडे गेल्यास किंवा पृष्ठभाग उखडल्यास दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करावयाची असते. काम पूर्ण झाल्याची तारीख नागरिकाने नोंदवून ठेवली, तर हा कालावधी कधी संपतो हे त्यास सांगता येते आणि नवा खर्च प्रस्तावित झाल्यास प्रश्न विचारता येतो. २०१६ मध्ये मुंबईतील ३४ रस्त्यांच्या कामांच्या चौकशीत गंभीर त्रुटी आढळून कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले होते. कागदावरील काम व प्रत्यक्षातील काम यांची तुलना करता येणे किती आवश्यक आहे, हे त्या प्रकरणातून दिसून आले.

या सहा टप्प्यांकडे एकत्रितपणे पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. माहिती जसजशी अधिक स्पष्ट व सुलभ होत जाते, तसतसा निर्णयावर प्रभाव टाकण्याचा वाव कमी होत जातो. विकास आराखडा वाचण्यास कठीण, परंतु त्या टप्प्यावर हरकत घेता येते. डॅशबोर्ड वाचण्यास सोपा, परंतु तो पाहीपर्यंत निर्णय झालेला असतो. डॅशबोर्डवरून प्रवासाचे वेळापत्रक आखता येते; रस्त्याची रेषा बदलता येत नाही.

५. शोधातील व्यावहारिक अडचणी

पहिली अडचण नावांची. लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि कागदावरील नाव भिन्न असते. अंधेरी-कुर्ला रस्त्याचा उल्लेख कागदोपत्री सर मथुरादास वसनजी मार्ग असा होतो. मरोळहून आरे वसाहतीतून गोरेगावकडे जाणारा, लोक ज्यास आरे रोड म्हणतात तो दिनकरराव देसाई मार्ग होय. त्याचप्रमाणे ज्या भागास रहिवासी सरसकट ‘मरोळ’ म्हणतात, तो महसुली दप्तरात मरोळ, कोंदिविटे, मुळगाव, व्यारवली अशा निरनिराळ्या मौजांत विभागलेला आहे. मौजे चुकले की नगर भूमापन क्रमांक बरोबर असूनही भलत्याच जमिनीची माहिती समोर येते. यासाठी सोसायटीच्या मिळकत पत्रिकेवरील मौजे व क्रमांक प्रथम पाहून घेणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

दुसरी अडचण माहितीच्या तारखेची. भूमिपूजनाच्या वेळी पहिल्या टप्प्यातील रस्त्यांची लांबी सुमारे ३९७ किलोमीटर सांगितली गेली होती. २०२५ मध्ये महानगरपालिकेने दिलेल्या माहितीत पहिला टप्पा ३२४ व दुसरा ३७७, असे एकूण ७०१ किलोमीटर हे आकडे होते. एखाद्या जुन्या यादीत रस्त्याचे नाव असणे हा त्या रस्त्याचे काम होणार असल्याचा पुरावा मानता येत नाही. यादी कोणत्या दिनांकाची आहे, हे पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

तिसरी अडचण भाषेची. निविदांचे तपशीलवार दस्तऐवज बहुतांशी इंग्रजीत आणि अभियांत्रिकी परिभाषेत असतात. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचा वापर बंधनकारक करणारा कायदा राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केला. संपूर्ण निविदेचे भाषांतर अपेक्षित नसले, तरी रस्त्याचे नाव, कामाचे स्वरूप, मुदत आणि जबाबदार अधिकारी यांचा एका पानाचा मराठी सारांश देणे प्रशासनास अवघड नाही.

चौथी अडचण लोकप्रतिनिधित्वाची होती. महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. एरवी प्रभागात कोणते काम येणार याची पहिली बातमी नगरसेवकाच्या कार्यालयातून मिळते आणि प्रभाग समितीच्या बैठकीत त्यावर चर्चा होते. नेमक्या या काळात शहरातील सर्वांत मोठा काँक्रिटीकरण प्रकल्प राबविला गेला. या परिस्थितीत संकेतस्थळावरील माहितीवर नेहमीपेक्षा अधिक भार पडला.

६. संकेतस्थळावर न मिळणारी माहिती

इंटरनेटवर शोध निष्फळ ठरल्यास माहितीच्या अधिकाराखालील अर्ज हा पुढील मार्ग होय. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपये शुल्क आहे आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळामार्फत ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. राज्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो. त्यामुळे प्रश्न नेमके असणे आवश्यक ठरते. ‘आमच्या भागातील रस्त्यांची सर्व माहिती द्यावी’ अशा अर्जापेक्षा रस्त्याचे दोन्ही टोकांसह नाव देऊन कार्यादेशाची प्रत, मंजूर आडछेद, कामाचा वेळापत्रक-तक्ता आणि दोषदायित्वाचा कालावधी मागणारा अर्ज अधिक फलदायी होतो. आडछेद म्हणजे रस्ता आडवा कापल्यास त्याचे थर, पदपथ, गटार व उंची कशी असेल हे दाखविणारे रेखाचित्र. आवारात पाणी शिरण्याची शंका असल्यास तेच सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र ठरते.

या कायद्यातील दोन तरतुदी रस्त्यांच्या बाबतीत विशेष उपयोगी आहेत. काम दुसऱ्या यंत्रणेचे असल्यास अर्ज मिळालेल्या कार्यालयाने तो पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे हस्तांतरित करावयाचा असतो. त्यामुळे रस्ता नेमका कोणाचा हे ठाऊक नसणे हा अर्जदाराचा दोष ठरत नाही. तसेच माहितीच्या अधिकारात कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे. उत्तर ३० दिवसांत न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. परंतु या मार्गाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागेल. एखाद्या गल्लीचे काम दोन महिन्यांत पूर्ण होत असेल, तर ३० दिवसांनी येणारे उत्तर हे निम्मे काम झाल्यावर येते. म्हणून स्वयंप्रेरणेने प्रसिद्ध होणाऱ्या माहितीची जागा अर्ज घेऊ शकत नाही.

७. अन्यत्रचे अनुभव

या संदर्भात तीन उदाहरणे उद्बोधक आहेत. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून अर्थसंकल्पात नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली. त्यात पदपथ, दिवे, लहान रस्ते अशा प्रभागपातळीवरील कामांची मागणी नागरिक स्वतः नोंदवितात. येथे नागरिक कामाची माहिती शोधत नाही. कामाचा आरंभच त्याच्या सूचनेतून होऊ शकतो.

दुसरे उदाहरण ग्रामीण भागातील आहे. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्त्यांची नोंद केंद्रीय संगणकीय प्रणालीत ठेवली जाते आणि राज्य, जिल्हा व तालुका निवडून रस्त्यांचा तपशील कोणासही पाहता येतो. एकाच योजनेचे सर्व रस्ते एकाच नोंदवहीत असल्यामुळे शोध सोपा होतो. मरोळमध्ये चार-पाच यंत्रणांच्या संकेतस्थळांवर जे हुडकावे लागते, ते तेथे एका ठिकाणी मिळते.

तिसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथे १९९१ च्या कायद्याने रस्त्यावरील कामांची नोंदवही ठेवणे रस्ते प्राधिकरणांवर बंधनकारक केले आणि २०२० पासून या नोंदी व परवाने एका राष्ट्रीय संगणकीय सेवेतून हाताळले जातात. पाणी, वीज, गॅस वा दूरसंचार यांपैकी कोणाचेही खोदकाम असले तरी त्याची नोंद तेथे होते. नुकताच केलेला रस्ता दुसऱ्याच यंत्रणेने पुन्हा खोदण्याचा प्रकार टाळावयाचा असेल, तर अशी सामाईक नोंदवही ही पहिली अट आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मरोळमधील नियोजित रस्ता-सुधारणेविषयीची बरीचशी माहिती इंटरनेटवर आहे. परंतु ती यंत्रणेनुसार आणि टप्प्यानुसार विखुरलेली आहे. शोध घेणाऱ्याने प्रथम यंत्रणा व टप्पा निश्चित करावा आणि मगच संकेतस्थळ निवडावे.

(२) रस्त्याचे अधिकृत नाव, मौजे, नगर भूमापन क्रमांक, विभाग आणि परिमंडळ या पाच गोष्टी हाताशी असल्यास शोधाचे काम पुष्कळ सोपे होते. प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीने त्या आपल्या सूचनाफलकावर कायमस्वरूपी लिहून ठेवाव्यात. अर्थसंकल्पासाठी फेब्रुवारी आणि हंगामपूर्व चौकशीसाठी सप्टेंबर हे दोन महिने तिने या कामासाठी राखून ठेवावेत.

(३) डॅशबोर्ड हे स्वागतार्ह साधन आहे. परंतु ते निर्णयानंतरचे साधन आहे. विकास आराखडा, नियमित रेषा व अर्थसंकल्प या आधीच्या टप्प्यांवरील माहिती तितक्याच सुलभ रूपात देणे ही पुढील गरज होय.

(४) महानगरपालिका, प्राधिकरणे व सेवा-कंपन्या या सर्वांच्या खोदकामांची एकच सार्वजनिक नोंदवही असावी. तीत लोकांच्या तोंडी असलेली स्थानिक नावेही शोधता यावीत. आणि प्रत्येक कामाचा मराठी सारांश काम सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी तीत यावा.

(५) इंटरनेट न वापरणारे रहिवासी, फेरीवाले, रिक्षाचालक व वृद्ध यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचण्यासाठी रस्त्यावरील सूचनाफलकाला आजही पर्याय नाही. ज्या रस्त्याचे काम त्याच रस्त्यावर सूचना, ही १८८८ च्या अधिनियमातील पद्धत आणि संकेतस्थळावरील नोंद या एकमेकींना पूरक आहेत. एका महिन्याच्या त्या जुन्या मुदतीचा दंडक प्रत्येक नियोजित खोदकामास लागू केला, तर मरोळच्या रहिवाशास रस्ता बंद होण्यापूर्वी प्रश्न विचारण्यास आणि आपली तजवीज करण्यास पुरेसा अवधी मिळेल.